उलट बाजूला दोरा पुढं

शालन, आधी भांडून घेतो, बाकीचं मागनं.

परवा तुझं तेरावं झालं आणि काल सागर पुण्याला ड्युटीवर गेला. जाताना म्हणाला, "आबा, चला की माझ्यासंगं." मी म्हणालो, "हितंच बरं हाय." पोरगा दारातनं दोनदा मागं वळला, मग गेला. आता या कुपवाडच्या दोन खोल्यांत मी आणि तुझी विणकामाची पिशवी एवढेच उरलो आहोत. तू मला एकच गोष्ट धड शिकवलीस, ती दोन रंगांची वीण. ती मला येते. बाकी काही येत नाही. भात खाली लागतो, गॅसचं पुस्तक सापडत नाही, तुझ्या डब्यांवर नावं नाहीत, त्यामुळं चहात काल काय घातलं ते देवाला ठाऊक. हे सगळं आधी सांगायला काय झालं होतं तुला?

सकाळी चहा उतू गेला, तो पुसला आणि पिशवी घेऊन दारात उजेडाला बसलो. काळा गुंडा, पिवळा गुंडा, दोन सुया आणि त्यांवर अडीच हात विणून झालेला मफलर. एक ओळ विणली. परतीच्या ओळीला लागलो, दोन-तीन टाके झाले आणि थांबलो. कशाला थांबलो ते माझं मलाच कळेना. मग ध्यानात आलं. तू म्हणायची वाट बघत होतो, "आवं, दोरा कुठं हाय?"

लिहायला बसलं की माझी भाषा सुधारते, हे तुला माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी इथं कारखान्यात आणि तू माणदेशात, तेव्हा पत्रं धाडायचो. ती वाचून तू विचारलं होतंस, "ही तुमीच लिवता, का मास्तर लिवून देत्यात?" तेव्हाही पत्राच्या वर तुझं नाव लिहायला लाजलो होतो. नुसतं 'सप्रेम' लिहून खाली सुरू करायचो. पुढं 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर चौतीस वर्षं निघाली. आता शालन शालन म्हणून लिहितोय, तर ओ द्यायला तू नाहीस.

विणकाम ही खरं तर तुझी गोष्ट. गल्लीत सुभेदारांच्या वहिनी राहायला आल्या, नवऱ्याच्या नोकरीत जम्मूकडं राहून शिकलेल्या, त्यांनी तुला सुया धरायला शिकवलं. तेव्हापासून या गल्लीत जन्मलेल्या एकाही पोराचं डोकं तू उघडं राहू दिलं नाहीस. मला त्यात काडीचा रस नव्हता. दिवसभर लेथवर लोखंड कातून यायचो, जेवायचो, आणि तुझा गुंडा घरंगळत कॉटखाली गेला की तो काढून द्यायचो. एवढाच माझा हातभार.

मग श्रावणात तुझं पोट दुखायचं निमित्त झालं आणि आपण मिरजेला गेलो. डॉक्टरांनी मला आणि सागरला आत घेतलं, तुला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटलं. आत काय बोलणं झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. डॉक्टर म्हणाले, गाठ यकृतात पसरली आहे. चार महिने, फार तर पाच. सलाईनमधून औषध देऊ, त्रास जरा कमी होईल. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाईंना सांगायचं का? त्यांचं काही राहिलं असेल, कुणाला भेटायचं असेल." सागर माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणालो, "न्हाई सायेब. ती खचंल."

बाहेर येऊन तुला सांगितलं, "साधी गाठ हाय. औषधानं विरघळती."

तू पदर सावरत उठलीस. "मग एवढा येळ काय करत हुता आत?"

"कागदं भरत हुतो."

"बरं," म्हणालीस. तेवढंच.

मफलर तू त्याच्या आधीच धरला होता, बिरूदादासाठी. तुझा हा थोरला भाऊ, औंधाजवळच्या तुमच्या गावात राहतो आणि या वयातही मेंढरं सांभाळतो. दसरा झाला की कळप घेऊन खाली नदीकाठच्या उसाच्या मुलखात उतरतो आणि सगळी थंडी उघड्या रानात काढतो. त्याला द्यायचा म्हणून तू सांगलीच्या पेठेतनं दोन रंग निवडून आणलेस. घोंगडीचा काळा आणि भंडाऱ्याचा पिवळा. मी लोकर हातात घेतली आणि म्हणालो, "ही कसली लोकर? हे तर प्लॅस्टिक हाय. मेंढक्याला प्लॅस्टिकचा मफलर देतीस व्हय?"

"तुमच्या मेंढराची लोकर मानंला लावून बगा एकदा. कुसळं टोचत्यात."

"पर ऊब असती."

"ऊब हाय, पर मऊ न्हाई. दादाला जन्मात एकदा मऊ काय असतं ते कळू दे की."

हा वाद आपण श्रावणापासून शेवटपर्यंत घातला आणि तो अर्धाच राहिला. मी अजूनही म्हणतो, की खऱ्या लोकरीसारखी ऊब या दोऱ्याला नाही. बोल आता.

दुसऱ्या सलाईनच्या वेळी तुझ्या उजव्या हाताची शीर सुजली. बोटं फुगली, सुई धरवेना. तू दोनदा प्रयत्न केलास, सुई खाली पडली. मग तू तो सगळा गुंता उचलून माझ्या मांडीवर टाकलास. "तुमी विणा. मी सांगती."

"मी? बाप्यानं विणायचं? समदा वॉर्ड हसंल."

"तुमचा बा चाती फिरवत रानोमाळ हिंडायचा, तवा कोण हसलं? लोकर कातणारा बाप्या चालतो, आन् विणणारा न्हाई व्हय?"

माझा बा खरंच मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायचा. ती काठीएवढीशी लाकडी चाती, तिला मांडीवर घासून गिरकी द्यायची आणि धागा सोडत चालायचं. मला ते लहानपणी कधी जमलं नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं. तू बरोबर तिथंच बोट ठेवलंस. शेजारच्या कॉटवरची म्हातारी खुदकन हसली आणि मी सुया हातात घेतल्या.

आठ दिवस नुसते सुलट टाके. माझ्या हाताला लोखंडाची सवय. मी दोरा असा ओढायचो की टाका सुईवरनं सरकायचा नाही. "आवं, नटाला पाना लावल्यागत वढू नगासा. आखडतंय त्ये." मग दोन रंग आले. खरं तर युक्ती अगदी सोपी, तू सांगितलीस तेव्हा मला हसू आलं होतं. दोन ओळी काळ्या, दोन ओळी पिवळ्या. एका वेळी एकच रंग हातात. पिवळ्या ओळीत एक टाका विणायचा आणि दुसरा न विणता नुसता या सुईवरनं त्या सुईवर उचलायचा. तो खालच्या ओळीतला काळाच राहतो, वर ओढला जातो, आणि पिवळ्यात काळे मणी दिसायला लागतात. गोम एकच. टाका उचलताना दोरा कुठं ठेवायचा. जाताना सुलट बाजू आपल्याकडं असते, तेव्हा दोरा मागं. येताना उलट बाजू आपल्याकडं असते, तेव्हा दोरा पुढं. चुकला की सुलट बाजूला मण्यावर आडवा धागा दिसतो, ओरखडा उठल्यागत.

आणि मला हेच समजेना. लेथवर पुढं म्हणजे पुढं आणि मागं म्हणजे मागं. मशीन उलटं फिरलं तरी जागा बदलत नाही.

"मागं म्हंजे कुणाच्या मागं? माझ्या का मफलरच्या?"

"मफलरच्या! तुमच्या मागं कोण हाय बघायला?"

"मग सरळ सांग की, मफलरच्या उलट बाजूला दोरा."

"चौतीस वर्सं सरळच सांगती. ऐकतं कोण?"

सागरनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई हिंदीत बोलत भराभर विणायची, तिची बोटंच दिसायची नाहीत. तू दोन मिनिटं बघितलंस आणि म्हणालीस, "बंद करा तिला. तिच्या हाताला सलाईन न्हाई, ती कायबी करंल." ओळ झाली की तू मफलर उलटा करायचीस, आधी मागची बाजू बघायचीस. चूक दिसली की एकच शब्द. "उसवा." एका टाक्यासाठी चार ओळी उसवायला लावायचीस. मी चिडायचो, "कोण बघतंय एवढं?" तू म्हणायचीस, "मी बघती."

आज एक कबूल करतो. त्या दुपारी मला आवडायच्या. तुझ्या पोटात ती गाठ वाढत होती, ते मला माहीत होतं, आणि तरीही तुझ्या कॉटशेजारी स्टुलावर बसून शिव्या खात विणताना मला बरं वाटायचं. लग्न झाल्यापासून आपण इतकं कधी बोललोच नव्हतो. कारखाना, पाळी, ओव्हरटाइम, सागरची शाळा. आता तासन्‌तास बोलत होतो, पण सगळं त्या दोऱ्याबद्दल. जे बोलायला पाहिजे होतं ते सोडून सगळं.

मग तू औंधाचं काढलंस.

"दसऱ्याच्या आत मला औंधाला न्या. यमाईची वटी भरायची हाय. दादाबी गावात हाय तवर त्येला ह्यो मफलर माझ्या हातानं देती. एकदा दादा खाली उतरला की मग कुठं गावतोय."

मी पटकन बोलून गेलो, "मफलर पुरा हू दे, मग जाऊ. रिकाम्या हातानं भावाकडं जातीस व्हय?"

"मग हात चालवा."

शालन, डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "न्या की. गाडीनं सावकाश न्या, त्यांना बरं वाटेल." हेही मी तुला सांगितलं नाही. विट्यावरनं दोन-अडीच तासांचा रस्ता. सागरच्या मित्राची गाडी होती. न न्यायचं कारण एकच. मी भ्यालो. बिरूदादा तुला बघताच हंबरडा फोडील आणि माझं सगळं खोटं तिथंच उघडं पडेल, हे एक. आणि दुसरं, तू देवीपुढं ओटी घेऊन उभी राहशील, बरं वाटू दे म्हणून हात जोडशील, आणि मला शेजारी उभं राहून ते बघावं लागेल. ते माझ्यानं झालं नसतं.

भाद्रपद संपत आला तोवर माझा हात बसला होता. दोरा आपोआप मागं-पुढं व्हायला लागला. एका दुपारी मी मफलर मोजला आणि परत मोजला. या वेगानं आठ-दहा दिवसांत पुरा होणार होता. पुरा झाला की जायला लागणार.

तेव्हापासून मी चुकायला लागलो. मुद्दाम.

परतीच्या ओळीत मध्येच दोन टाक्यांना दोरा मागं ठेवायचा आणि पुढं जायचं. तू बघायचीस, म्हणायचीस, "उसवा." मी मान खाली घालून उसवायचो. चार ओळी जायच्या, सहा जायच्या. दुसऱ्या दिवशी परत. "आज काय झालंय तुमाला?" "डोळं दुकत्यात." मनात एक खुळचट गणितही मांडलं होतं. मफलर अपुरा आहे तोवर ही कुठं जात नाही. कामं अर्धी टाकून जायचा तुझा स्वभावच नव्हता. हसू नकोस. माणूस त्या दिवसांत कशावरही विश्वास ठेवतो.

दसरा आला. गल्लीतली सोनं द्यायला आली, ते तू घरच्या कॉटवर बसून घेतलंस. चार दिवसांनी दादा मेंढरं घेऊन खाली उतरल्याचा फोन आला. तू ऐकलंस, फोन बाजूला ठेवलास आणि कुशीवर वळलीस. औंधाचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं.

आणि त्यानंतरच्या दिवसांतली ती दुपार. मी सवयीनं पुन्हा चूक करून ठेवली होती. ओळीच्या अगदी मध्यात, दोन मण्यांवर आडवा धागा. आंधळ्यालाही दिसेल असा. तू मफलर हातात घेतलास, उलटा केलास, सुलटा केलास. त्या धाग्यावरनं बोट फिरवलंस.

"असू दे," म्हणालीस.

"उसवतो की. चारच वळी हायत्या."

"नगं. चालतंय. पुढं चला."

मी खूश झालो गं! सुभेदारांच्या वहिनींसमोर एका टाक्यासाठी पुरं बाळाचं स्वेटर उसवणारी बाई तू, आणि मला वाटलं आजारानं तू नरम झालीस. सागरला फोन करून सांगितलं, "तुझी आई आता वरडत न्हाई बरं का. पास केलं मला." तोही हसला. बापलेक फोनवर हसत होतो. तरीही त्या दिवसापासनं मी रोज एखादीच ओळ विणत राहिलो, मफलर पुरा होऊ दिला नाही.

कार्तिकात बिरूदादा येऊन गेला. कळप पोरावर सोडून, दोन एस्ट्या बदलून आला. अंगाला मेंढरांचा वास, खांद्यावर घोंगडी. मी धास्तावलो, की आता हा रडणार. पण तो तासभर बसला आणि कुठल्या मेंढीला जुळं झालं, कुठल्या बागायतदारानं खतासाठी कळप रानात बसवून घेतला, असलंच बोलत राहिला. तू हसत होतीस. मधेच मला चहा करायला धाडलंस. मी आत चहा करत होतो आणि बाहेर तुम्ही दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होता. तो गेला तेव्हा मला त्याचा रागच आला होता. बहिणीची काडी झाली आहे आणि हा मेंढ्यांची जुळी सांगतो. कसला भाऊ!

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी तुझा हात माझ्या हातात होता. मी विचारलं, "बरं वाटतंय का?" तू मान हलवलीस. मी म्हणालो, "संक्रांतीला जाऊ औंधाला." तू डोळे न उघडता म्हणालीस, "जाऊ की." दहाच्या सुमाराला तू गेलीस.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर सगळी जमली. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, कावकाव करत होते, खाली एक उतरेना. तुला माहीत आहे आपल्याकडं काय करतात. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि शब्द द्यायचा. सागर पुढं झाला, "आई, आबांना मी सांभाळीन." कावळे जागचे हलले नाहीत. सुभेदारांच्या वहिनी म्हणाल्या, "मफलर राहिलाय तिचा, भावोजी, तो पुरा करतो म्हणा." मी म्हणालो, "मफलर पुरा करतो." कुणी म्हणालं, औंधाची ओटी. बिरूदादानं हात जोडले, "वटी मी भरतो, बाई." काही नाही. मग सगळी माझ्याकडं बघायला लागली, तुमच्या दोघांतलं काही असेल तर बोला म्हणून.

होतं ना. जिभेवर होतं. 'मी तुला फसवलं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं', एवढंच म्हणायचं होतं. समोर तीस-पस्तीस माणसं, शेजारी पोरगा. माझी दातखीळ बसली. ऊन वर आलं, लोक घड्याळं बघायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. तू मेल्यावरही दहा दिवस मला सवड दिली होतीस आणि ती मी घालवली.

लोक वर गेले. मी घाटाच्या पायरीवर बसून राहिलो. बिरूदादा येऊन शेजारी टेकला.

"दाजी, एक सांगू का?" म्हणाला. "शालीनं मला दसऱ्याच्या आधी फोन केलता."

"काय म्हणून?"

"म्हणली, दादा, मी काय ऱ्हात न्हाई आता. पयल्याच दिशी कळलं हुतं तिला, मिरजंला. सागर आतनं आला आन् तिच्या तोंडाकडं बघायचं सोडून पायाकडं बघत ऱ्हायला, तवाच."

"आनी काय म्हणली?"

"म्हणली, ह्यांनी मला न्हाई सांगितलं. रोज मफलर मुद्दाम चुकवत्यात, मला औंधाला न्यायला नगं म्हणून. खरी चूक त्यांची परतीला वळताना हुती, कडंला. आता मदीच चुकाय लागल्यात. मी बी उसवा म्हणती. काय करू? मला कळलंय ह्ये त्यांना कळलं तर त्यो माणूस उभ्यानं मोडंल. तू मागनं ये, पर रडू नगंस. मेंढराचं बोल." एवढं सांगितलं आणि दादानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं. कार्तिकात राखून ठेवलेलं सगळं रडणं त्यानं त्या पायरीवर रडून घेतलं.

तू हे बरं केलं नाहीस, शालन. हेच भांडण आहे माझं. मी खोटारडा, भित्रा, सगळं कबूल. पण तुला ठाऊक होतं ना? मग एकदा मफलर माझ्या तोंडावर फेकून म्हणायचंस, "पुरे आता ही नाटकं, गाडी काढा." मी काढली असती. निदान मला असं वाटतं. नाहीतर म्हणालो असतो, "साधी गाठ हाय," आणि पुन्हा खाली मान घालून उसवायला लागलो असतो. तुला माझी एवढी खात्री होती की तू विचारलंही नाहीस. आणि दसरा सरल्यावर, दादा खाली उतरल्यावर, जायला जागाच उरली नाही तेव्हा म्हणालीस, असू दे, पुढं चला. मी ते शाबासकी म्हणून घेतलं.

गेलो असतो तर काय झालं असतं? दादा रडला असता. तूही रडली असतीस. देवीला जे म्हणायचं ते म्हणाली असतीस, मला वाटत होतं ते कदाचित नव्हतंच तुझ्या मनात. परत येताना गाडीत मला काहीतरी सांगितलं असतंस. गॅसचं पुस्तक कुठं आहे, सागरला काय बोलायचं, माझ्यावर चौतीस वर्षांत कुठल्या गोष्टीचा राग धरला आणि कुठली माफ केली. मी तेच रोज थोडं थोडं उसवून टाकलं. चार महिने एका स्टुलाच्या अंतरावर बसून दोघांनी एकमेकांना सांभाळलं, आणि एकमेकांना काही म्हणजे काही सांगितलं नाही.

तेराव्याला बायका जेवून निघताना माझ्याजवळ थांबत होत्या. सगळ्यांचं एकच. नशीबवान गं बाई, भरल्या कपाळानं गेली, नवऱ्याच्या हातात हात देऊन गेली, आणखी काय पाहिजे बाईच्या जातीला. मी प्रत्येकीला मान हलवून "व्हय" म्हणत होतो. त्यांना मी काय सांगू? हात माझ्या हातात होता, शालन, आणि तू एकटीच गेलीस.